मॅथ्स सोडावं का? अकरावीचे विषय घेताना पुढचे फॉर्म आधी बघा

लोकमान्य नगरच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सीबीएसईची, दहावीला ८७ टक्के, सायन्सला ९१, स्टँडर्ड मॅथ्सला (सीबीएसईच्या दहावीतल्या दोन पातळ्यांपैकी अवघड ते) ७४. बायो मनापासून आवडतं पण डॉक्टरच व्हायचंय असं ती म्हणत नाही, कधी सायकॉलॉजी म्हणते, कधी इकॉनॉमिक्स. बाबांचं म्हणणं मॅथ्स घे, भंवरकुआच्या कोचिंगवाल्यांनी सांगितलं बायो घ्या आणि आत्ताच नीटच्या बॅचला बसवा, आणि आजी म्हणतात दोन्ही घे की, काय बिघडलं. शाळेला चार दिवसात फॉर्म द्यायचाय.

ताई, मी २२ वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, इथेच इंदूरला, आणि आता मुलांना विषय निवडायला मदत करते, त्यामुळे तुमच्या घरात चाललेली ही चर्चा मला शब्द न् शब्द ओळखीची आहे. आपल्याकडे अजूनही कोणी भेटलं की "मॅथ्स घेतलं का बायो?" असंच विचारतात, जणू जगात दोनच गाड्या सुटतात. थोडं लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा, कारण चार दिवसात भरलेला हा फॉर्म दोन वर्षांनी जड जातो.

आधी एक करा. मुलीला काय आवडतं हे बाजूला ठेवू नका, पण त्यासोबत कागद घेऊन उलट्या बाजूनं या. म्हणजे बारावीनंतर ती जे जे फॉर्म भरू शकते असं तुम्हाला आज वाटतं त्या प्रत्येकासमोर लिहा की त्याला बारावीत कोणता विषय असणं सक्तीचं आहे. हे केलं की लक्षात येतं की बहुतेक विषय मागाहून कुठूनतरी भरून काढता येतात, सायकॉलॉजी बारावीत नसली तरी पुढे घेता येते, इकॉनॉमिक्स नसलं तरी चालतं, कॉम्प्युटर नसलं तरी चालतं. जे मागाहून सहज मिळत नाहीत ते म्हणजे मॅथ्स आणि त्याच्या मागोमाग फिजिक्स-केमिस्ट्री. बायोचं पण तसंच होतं पूर्वी, पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं मोकळीक दिली की बारावीनंतर बायो वेगळा विषय म्हणून पास केलेलं पण नीटला चालेल. म्हणजे मॅथ्स घेऊन बारावी झालेल्या मुलाला उशिरा का होईना डॉक्टरकीकडे वळता येतं, उलट्या दिशेला असा सोपा रस्ता नाही.

आता तुमच्या मुलीच्या तीन आवडी एकेक करून.

बायो. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी लागतं, मॅथ्स लागत नाही. पेपर ७२० चा, त्यातले ३६० एकट्या बायोचे, म्हणून लोक म्हणतात बायोवाल्याला मॅथ्स कशाला. बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएस्सी बायोटेक, हे सगळं मॅथ्सशिवाय होतं. फार्मसीला मॅथ्स किंवा बायो, दोन्हीपैकी एक चालतं. इथपर्यंत ठीक. पण बायो आवडणाऱ्या आणि डॉक्टर न होणाऱ्या मुलीला जे खरोखर आवडू शकतं ते याच्या पलीकडे आहे आणि तिथेच लोक फसतात. बायोटेक्नॉलॉजीचं बी.टेक. एनआयटीत करायचं असेल तर जेईई मेन द्यावी लागते आणि त्याला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे आहेत, नाव बायोटेक असलं तरी. भोपाळचं आयसर घ्या, आपल्यापासून तीन-चार तासांवर, मूलभूत विज्ञान शिकायला देशातल्या चांगल्या जागांपैकी एक, त्यांच्या प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न असतात. चारपैकी तीन विषय बारावीत असले तरी फॉर्म भरता येतो, पण मॅथ्स न केलेली मुलगी पेपराच्या चौथ्या भागाला हातच लावू शकत नाही, आणि शेजारी बसलेल्याचा तो भाग झालेला असतो.

सायकॉलॉजी. इथे काळजीच करू नका. दिल्ली विद्यापीठात सायकॉलॉजी ऑनर्सला बारावीत सायकॉलॉजी असायलाच हवी अशी अट नाही, सायन्सची मुलं आपल्या फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच्या पेपरांवर तिकडे जातात. त्यामुळे केवळ सायकॉलॉजीसाठी आज आर्ट्स घ्यायची गरज नाही. पण तिला हिस्ट्री, पॉलिटिकल सायन्सच वाचायला आवडत असेल तर ती वेगळी गोष्ट, मग सायन्समध्ये कोंबू नका.

इकॉनॉमिक्स. ही तुमच्या यादीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि घरात कोणाच्याच लक्षात आलेली नाही असं दिसतंय. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला बी.स्टॅट., म्हणजे स्टॅटिस्टिक्सची डिग्री, करायची तर बारावीत मॅथ्स हवंच. इकॉनॉमिक्स म्हणजे कॉमर्सचा विषय असा आपल्याकडे समज आहे, पण चांगल्या जागी शिकवलं जाणारं इकॉनॉमिक्स निम्मं मॅथ्स आहे.

याच्यावर एक मुलगा आठवतो, नाव सांगत नाही. हुशार, बायो घेतलं, दोन वर्षं नीटची तयारी केली, बारावीच्या जानेवारीत घरी सांगितलं की मला हे नाही करायचं, मला इकॉनॉमिक्स शिकायचंय. आईवडील चांगले, म्हणाले कर. सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला माझ्याकडे आले तिघं. मी विद्यापीठाच्या पात्रतेचं पान उघडलं, त्यानं स्वतः वाचलं, आणि मॅथ्सच्या ओळीवर बोट ठेवून थांबला. बोट तिथनं हललंच नाही. आई म्हणत होती की काहीतरी असेल ना सर्टिफिकेट वगैरे, आणि तो बोलत नव्हता. शेवटी इथेच एका कॉलेजात बी.ए.ला गेला, आपल्याकडच्या बी.ए.च्या इकॉनॉमिक्सला मॅथ्स लागत नाही, शिकतोय छान, पण पुढे एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत मॅथ्स येतंच, म्हणून आता रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन अकरावीचे डेरिव्हेटिव्ह करतो. विसाव्या वर्षी. करतो मन लावून, त्याचं मला कौतुक आहे, पण हेच पंधराव्या-सोळाव्या वर्षी रोजच्या शाळेत झालं असतं.

आता सीयूईटीबद्दल, कारण त्यावरून फार गोंधळ आहे. ही परीक्षा २०२२ ला सुरू झाली, आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या अध्ययनशाळांचे पुष्कळ कोर्स पण तिच्यातूनच भरतात. २०२५ पासून नियम असा की जास्तीत जास्त ५ पेपर देता येतात आणि बारावीत नसलेला विषय पण निवडता येतो. हे ऐकून बऱ्याच पालकांनी मला आनंदानं सांगितलं की मॅडम आता विषयाचं टेन्शनच गेलं. नाही गेलं हो. परीक्षा घेणारी संस्था वेगळी, प्रवेश देणारं विद्यापीठ वेगळं. पेपर देऊ देणं ही परीक्षेची गोष्ट, त्या मार्कांवर सीट देणं ही विद्यापीठाची, आणि दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी स्पष्ट म्हणतात की बारावीत शिकलेल्याच विषयांचे पेपर द्या. प्रत्येक विद्यापीठ स्वतःची पात्रता छापतं, ती वाचायची. कोचिंगच्या जाहिरातीवरून नाही, शेजारच्यांच्या मुलावरून नाही, विद्यापीठाच्या साइटवरची पीडीएफ उघडून. अर्धा तास लागतो.

(मराठी घरांसाठी जाता जाता. सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे. "घरी मराठीच बोलतो, मराठीचा पेपर घेतो" असं आपली इंदूरची मुलं म्हणतात. बोलणं वेगळं आणि परीक्षेच्या घड्याळावर उतारा वाचून उत्तरं देणं वेगळं, आपली बरीच मुलं हिंदी-इंग्रजीत शिकलेली, मराठी वाचताना अडखळतात. आणि सायन्सकडे जायचं असेल तर इंग्रजीचा पेपर जास्त ठिकाणी उपयोगी पडतो. मराठी जरूर वाचा, रोज वाचा, पण पेपर निवडताना आधी जुना पेपर सोडवून बघा.)

मग मॅथ्स घ्यायचंच असं सांगतेय का? थांबा. आजींचं "दोन्ही घे" हे वाटतं तितकं सोपं नाही. मॅथ्स-बायो दोन्ही घेतलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. ऑगस्टपर्यंत बरी चालली. दिवाळीनंतर तिची मॅथ्सची वही मी सहज हातात घेतली, तर प्रत्येक पानावर वर सुवाच्य अक्षरात तारीख, खाली प्रश्न उतरवलेला, त्याखाली "सोल्यूशन" असं लिहून अंडरलाइन केलेलं, आणि पुढे रिकामं. अशी एकोणीस पानं. तिला विचारलं तर म्हणाली, "मॅम, घरी गेल्यावर करायचं म्हणून सोडलंय." बायोच्या डायग्राम पूर्ण, प्रॅक्टिकल फाइल पूर्ण, आणि मॅथ्सला वेळच नाही. मॅथ्सचं असं आहे की त्यात प्रॅक्टिकलचे ३० मार्क मिळत नाहीत, बायोसारखे. बारावीचा पेपर ८० चा, त्यातले ३५ एकट्या कॅल्क्युलसचे, आणि कॅल्क्युलस एक महिना सुटलं की पुढचं सगळं सुटतं. त्या मुलीच्या घरी कोणी वही उघडून बघितली नव्हती, मार्क येण्याची वाट बघत होते. असं तुमच्या मुलीचं होऊ द्यायचं नसेल तर आधी तपासायचं.

तपासायचं कसं ते सांगते, दोन गोष्टी आहेत.

पहिली, ते ७४ कुठून आले ते बघा. शाळेचे अंतर्गत २० असतात, त्यातले साधारण १९ मिळाले असतील तर लेखी पेपरात ८० पैकी ५५. म्हणजे २५ गेले. ते २५ कुठे गेले यावर सगळं आहे. मुलीला प्रश्नपत्रिका समोर ठेवून परत सोडवायला सांगा, घड्याळ न लावता. जॉमेट्रीच्या प्रूफमध्ये, सर्कलमध्ये, बेरीज-वजाबाकीच्या चुकांमध्ये गेले असतील तर मला अजिबात चिंता वाटत नाही, अकरावीत त्याचा फार संबंध येत नाही. पण क्वाड्रॅटिक, ट्रिगोनॉमेट्रीच्या आयडेंटिटीज, समीकरण मांडणं यात गेले असतील, आणि घड्याळ न लावता पण जात असतील, तर अकरावीचं मॅथ्स पहिल्या महिन्यापासून चढण वाटणार, कारण ते त्याच्यावरच उभं आहे.

दुसरी, अकरावीचं एनसीईआरटीचं मॅथ्सचं पुस्तक आणा आणि तिसरा धडा, ट्रिगोनॉमेट्रिक फंक्शन्स, तीन संध्याकाळ तिच्याकडे द्या. सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून करू दे. किती बरोबर आली ते मोजू नका. एवढंच बघा की पहिल्या संध्याकाळी अडलेलं गणित ती दुसऱ्या संध्याकाळी आपणहून परत काढते का. जी मुलं परत काढतात त्यांना ७४ काय, ६५ असले तरी मी मॅथ्स द्या म्हणते. जी मुलं ८५ वाली असून अडलेल्यावर पान उलटतात त्यांना दोन वर्षं फार त्रास होतो, हे मी वर्गात बघितलंय.

आणि बायो घेतलं म्हणजे मॅथ्सपासून सुटका असं मानू नका. अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच मोशन येतं, व्हेलॉसिटी म्हणजे पोझिशनचं डेरिव्हेटिव्ह, आणि मॅथ्सच्या पुस्तकात ते डेरिव्हेटिव्ह वर्षाच्या शेवटाकडे येतं. म्हणून दरवर्षी मी फिजिक्सच्याच तासाला पहिले आठ-दहा दिवस ग्राफ काढून स्लोप शिकवत होते, बायोवाल्यांना पण.

आता माझा सल्ला, तुमच्या मुलीपुरता. ती अडलेलं परत काढणारी असेल तर असा फॉर्म भरा: इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, पाचवा विषय सायकॉलॉजी किंवा फिजिकल एज्युकेशन, जे शाळेत असेल ते, आणि मॅथ्स सहावा, जादाचा विषय. हा क्रम मुद्दाम सांगतेय. इंग्रजी धरून पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) पाचातच बसतं आणि शाळा तसंच भरून घेईल, पण मग मॅथ्स मुख्य पाचात अडकतं, ते बिघडलं तर रिझल्टच धोक्यात येतो. सहावं असलं तर दोन वर्षं शिकता येतं, मार्कशीटवर येतं, आणि समजा नाहीच झेपलं तर पास होण्याचं गणित पाच विषयांवर राहतं. फक्त शाळेचं टाइमटेबल तसं बसतंय का ते आत्ताच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बारावीत गेल्यावर विषय घालू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, सीबीएसई अकरावी-बारावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरते.

इकॉनॉमिक्स हवं पण इंजिनिअरिंग, आयसर वगैरे नक्की नको, असं मुलगी म्हणाली तर अजून एक वाट आहे, अप्लाइड मॅथेमॅटिक्स. सीबीएसईनं २०२०-२१ पासून अकरावीला सुरू केलेला विषय, व्याज, स्टॅटिस्टिक्स, डेटा असं त्यात जास्त, कॉमर्स आणि समाजशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी काढलेला. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्सला तो चालतो. पण साधं मॅथ्स आणि अप्लाइड एकत्र घेता येत नाही, आणि इंजिनिअरिंगचा विचार थोडा जरी असला तरी अप्लाइड घेऊ नका. इंदूरच्या सगळ्या शाळांत शिकवत पण नाहीत. (दहावीला बेसिक मॅथ्स घेतलेल्या मुलांना शाळा बहुतेक याच विषयाकडे पाठवतात. तुमची स्टँडर्डची आहे, तो प्रश्न नाही.)

ती परत काढणारी नसेल तर मॅथ्स सोडा, आणि शांतपणे सोडा. मग यादीतून इकॉनॉमिक्स ऑनर्स आणि बायोटेकचं बी.टेक. आजच खोडा, तिच्या समोर, तिला कळू दे काय खोडलं ते. सायकॉलॉजी राहते, बायोचं बाकीचं सगळं राहतं, लॉ राहतो, त्याच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेला विषयाची अटच नाही. सीए राहतं, त्याला कॉमर्स लागत नाही. आपल्या इथल्या आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंटचा आयपीएम कोर्स २०११ पासून आहे, त्यालाही कोणत्याही शाखेची मुलं चालतात, पण प्रवेश परीक्षेत गणिताचे प्रश्न भरपूर असतात, गणिताचा पाया पक्का ठेवावा लागतो. डिझाइनला पण शाखा बघत नाहीत.

बाबांना एक सांगा. इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा राहावा म्हणून ते मॅथ्स म्हणत असतील तर आयआयटी-एनआयटीला रँकबरोबर बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. इथल्या जीएसआयटीएस किंवा विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांना राज्याच्या काउन्सेलिंगमधून जेईई मेनच्या रँकवर जातात. यातलं काहीच नुसतं मॅथ्स घेऊन होत नाही, आणि मुलीच्या तीन आवडींत इंजिनिअरिंग मला कुठे दिसलं नाही. घरात जर्मनीचा विषय निघत असेल तर एवढंच की आपल्या बारावीवर तिकडे थेट डिग्रीला बसता येत नाही, इथे एक वर्ष मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयात करावं लागतं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास लागते किंवा तिकडे आधी तयारीचा कोर्स करावा लागतो. विषय तोच लागतो म्हटल्यावर परत बारावीच्या विषयांवरच गाडी येते.

कोचिंगचं. आत्ता दोन वर्षांची नीटची बॅच लावू नका. डॉक्टर व्हायचंय असं जिनं म्हटलेलंच नाही तिला दोन वर्षांच्या फीला बांधायचं कशाला? कोणी म्हणेल की अमुक शाळेत नाव घाला, हजेरी आम्ही बघतो. तिथून तर उठूनच या. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, अशा डमी शाळांवर कारवाई झालेली आहे, आणि मुलीला प्रॅक्टिकल हाताने केल्याशिवाय बायो आवडतं की बायोच्या पुस्तकातली चित्रं आवडतात हे कळणार नाही. एक सेमिस्टर शाळेत बसू दे, फुलाचं, स्लाइडचं काम करू दे, मग दिवाळीत विचारा.

म्हणजे चार दिवसांत तीन संध्याकाळ त्या धड्याला, एक संध्याकाळ तिघांनी बसून पात्रतेच्या पीडीएफना, पान तिच्या हातात द्या, तुम्ही वाचून दाखवू नका. आणि पहिली युनिट टेस्ट झाली की मला परत लिहा. मार्क नकोत, तिच्या मॅथ्सच्या वहीच्या शेवटच्या चार पानांचे फोटो पाठवा.